मागच्या बाजूचं गंधक

४ मार्च

भाऊजींना नमस्कार.

परवा तुमच्या दादांनी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "तक्रार असेल तर कारखान्याच्या पत्त्यावर लेखी द्या." सख्ख्या भावाला लेखी द्या म्हणणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. फोन ठेवल्यावर हे बराच वेळ रोपांच्या ट्रेमधली माती नुसती अंगठ्याने दाबत बसले. ते काही लेखी देणार नाहीत. म्हणून मी देते. मॅट्रिकपर्यंत शिकले आहे, अक्षर वळणदार आहे, आणि कुणाची भीड नाही.

तक्रार अशी. आमच्या रोपवाटिकेच्या छपरासाठी तुम्ही प्लास्टिकच्या कागदाचा रोल पाठवलात तो फाटू लागला आहे. खिळा लागून किंवा वाऱ्याने नव्हे. बोट लावलं की कांद्याच्या सालीसारखा तडकतो. "चार वर्षं वर बघायला नको," असं तुम्ही छाती ठोकून सांगितलं होतं. आम्ही रोज वर बघतो. आता तर बघायला छपराच्या जागी आभाळच आहे.

आत गुलाबाची कलमं आहेत, काकडीची रोपं आहेत, लोकांनी सांगून ठेवलेली. कडक ऊन सुरू व्हायच्या आत छप्पर नीट झालं नाही तर आठवड्यात सगळं करपेल आणि ह्यांचा धंदा बसेल. बसल्यावर काय होणार तेही मला ठाऊक आहे. तुमच्या बायकोने, आमच्या धाकट्या जाऊबाईंनी, मागेच कानावर घातलं आहे की गोदामाच्या फाटकापाशी तुम्ही दादांसाठी खुर्ची ठेवली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. ज्या माणसाने नुसती काडी खोचली तरी तिला पालवी फुटते, त्याला नंबर लिहायला बसवायचं! भाऊजी, आधीच सांगून ठेवते: त्या खुर्चीवर माझा नवरा बसणार नाही.

माझ्या मते घरचे म्हणून तुम्ही आम्हाला उरलासुरला माल दिलात. उन्हासाठी प्लास्टिकात जो काही मसाला घालतात तो यात घालायचा राहिला, किंवा वाचवला. परक्याला उत्तम आणि घरच्याला चालेल तसलं, ही तुमची रीत मी या घरात आल्यापासून पाहते आहे. आमच्याकडून म्हणाल तर तसूभर हयगय नाही. मागच्या खेपेस तुम्ही आला होतात तेव्हा

(पानाच्या मागे)

जे जे बजावलंत ते सगळं पाळतो आहोत. पानांवर पांढरी भुरी दिसली म्हणून तुम्ही गिऱ्हाइकांसमोर ह्यांना बोललात, "एवढंही कळत नाही? वाट्यांत गंधक ठेव, खाली विजेची शेगडी. जाळायचं नाही, नुसतं वितळवायचं. वाफ फिरली की भुरी साफ." त्याप्रमाणे रोज संध्याकाळी दारं लावून वाट्या ठेवतो. भुरी गेली. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते, ते आज मानले.

प्रार्थनेत तुमचं नाव घेते. अलीकडे जरा शेवटी घेते, पण घेते. नवा रोल पाठवा.

तुमची वहिनी


१३ मार्च

सौ. वहिनींस,

पत्र पोचलं. म्हणजे तुम्ही जेवढं लिहिलंत तेवढं पोचलं. शेवटचं वाक्य "तुम्ही आला होतात तेव्हा" इथे संपतं. तेव्हा काय, ते तुम्हाला आणि परमेश्वराला ठाऊक. मॅट्रिकच्या परीक्षेत निबंध वेळेत संपवायला शिकवतात असं ऐकून होतो. खाली सहीसुद्धा नाही. बिनसहीची तक्रार आम्ही टोपलीत टाकतो, पण अक्षर ओळखीचं निघालं.

"मसाला" हा शब्द वाचून आमची प्रयोगशाळा दिवसभर हसत होती. तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगतो. प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या. उन्हात एक न दिसणारा भाग असतो, तो त्यातली एखादी कडी तोडतो. तुटलेली कडी गप्प बसत नाही, शेजारच्या कड्या तोडत सुटते. असं होत होत कागद कडक होतो, तडकतो, शेवटी भुगा होतो. नुसतं प्लास्टिक उन्हात ठेवलं की त्याचं हेच होणार. म्हणून आम्ही त्यात स्टॅबिलायझर घालतो. ते तुटक्या कडीला पकडून गप्प बसवतं आणि पुन्हा पुढच्या कामाला मोकळं होतं. तुमच्या रोलमध्ये ते पूर्ण प्रमाणात आहे. उरलासुरला माल मी भंगारवाल्याला देतो, भावाला नाही.

तेव्हा दोष कागदाचा नाही, कागद वापरणाऱ्याचा आहे. बहुतेक वेळा असतो. माझे प्रश्न: ज्या पाइपांवर कागद ताणला आहे ते कसले आणि कुठल्या रंगाचे? तापलेला काळा पाइप कागदाला भाजतो. आत काय फवारता? आणखी काही औषध, धूर, वाफ वगैरे करता का? उत्तरं मुद्देसूद हवीत. भावना नकोत.

दादाची खुर्ची सावलीत आहे.

आपला,
तांत्रिक संचालक


२० मार्च

भाऊजींना नमस्कार.

मी या घरात आले तेव्हा हे तांत्रिक संचालक शाळेच्या अर्ध्या चड्डीत होते आणि त्यांचे निबंध मी जेवणाच्या टेबलावर बसून दुरुस्त करून देत असे. त्यातल्या बऱ्याच निबंधांना शेवटच नसे. तेव्हा मॅट्रिकचं मला सांगू नका.

माझं पत्र तुम्ही "तेव्हा"पाशी सोडून दिलंत आणि वर मलाच अर्धवट म्हणता. वाचायचा कंटाळा आला असेल तर तसं सरळ म्हणावं. या वेळी तरी शेवटपर्यंत वाचा, सगळी उत्तरं दिली आहेत.

साखळ्यांची गोष्ट मला कळली. ह्यांनाही वाचून दाखवली. थोडक्यात, एक तुटका दुसऱ्याला तोडत सुटतो आणि तुमचं औषध त्याला हाताला धरून खाली बसवतं. आपल्या घरात हे काम सासूबाई करत असत. त्या गेल्यापासून काय चाललं आहे ते दिसतंच आहे.

पण ते औषध घातलं कशावरून? तुम्ही सांगता म्हणून? मी स्वतःच पाहायचं ठरवलं आहे. तुमच्या रोलचा उरलेला तुकडा माळ्यावर कोरा पडून होता. तो गच्चीवर कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून टांगला. शेजारी पावाची रिकामी पिशवी टांगली. मी पिशव्या धुऊन वाळवून पुन्हा वापरते यावर तुम्ही मागे बायकोकडे बघून हसला होतात, माझ्या लक्षात आहे. आता दोघं एकाच उन्हात लोंबकळू देत. तुमचा कागद पावाच्या पिशवीच्या लायकीचा निघाला तर मी तो चौकटीत बसवून तुमच्या ऑफिसात पाठवीन, भिंतीवर लावायला.

आता तुमचे प्रश्न. सावकाश आणि मुद्देसूद लिहिते, म्हणजे पुन्हा बोट ठेवायला जागा नको. पहिला प्रश्न पाइपांचा. त्याबद्दल मला वाटतं की

(पानाच्या मागे)

संशय घ्यायला जागाच नाही. ह्यांनी एकेका पाइपाला पांढरा रंग दिला आहे आणि वरून जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळल्या आहेत. चादरी माझ्याच होत्या. फवारणी कसलीही नाही, पाणी सोडून. वाफ म्हणाल तर गंधकाची तेवढी, तीही तुमच्याच सांगण्यावरून, तुम्ही सांगितलं तश्शी, वितळवून.

एक गोष्ट मात्र विचित्र आहे. कागद सगळीकडे सारखा गेलेला नाही. गंधकाच्या वाट्या जिथे ठेवतो त्याच्या बरोबर वरचा भाग आधी गेला. दाराकडचा, जिथे वारा खेळतो तिथला, अजून बरा आहे. यावरून मला तर स्पष्ट दिसतं की तुमच्या यंत्राने मसाला एकसारखा घातलेला नाही. मधे मधे विसरलं आहे. यंत्र बघून घ्या.

तुमची वहिनी


१ एप्रिल

सौ. वहिनींस,

तुमच्या आज्ञेप्रमाणे पत्र शेवटपर्यंत वाचलं. शेवट असा आहे: "त्याबद्दल मला वाटतं की." काय वाटतं ते कळायला मी फार उत्सुक होतो. टपाल पाहणाऱ्या कारकुनालाही विचारलं की आणखी पान आहे का. तो म्हणाला, एकच पान आहे, साहेब.

माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. कपड्यांची दोरी आहे, पावाची पिशवी आहे, माझी अर्धी चड्डी आहे, उत्तर मात्र नाही. ज्या गिऱ्हाइकाने काहीतरी घोटाळा करून ठेवलेला असतो ते नेमकं असंच लिहितं. भरपूर बोलतं आणि कामाच्या जागी येऊन मुकं होतं. आणि वहिनी, दोरीवर टांगून विज्ञान होत नसतं. कपडे वाळतात. आमच्याकडे यासाठी दिव्यांची कपाटं आहेत. आत कृत्रिम ऊन, मग दव, मग पुन्हा ऊन, रात्रंदिवस.

निबंधांचा विषय इथे अप्रस्तुत आहे.

हा वाद मी आता माणसांवर सोडत नाही. छपराचा तडकलेला तुकडा आणि माळ्यावरच्या कोऱ्या कागदाचा तुकडा, दोन्ही वेगवेगळ्या पाकिटांत पाठवा. पाकिटावर काय कुठलं ते लिहा. जमल्यास पूर्ण वाक्यात. प्रयोगशाळा काय ते सांगेल.

दादाचा धंदा तसाही फार पुढे जाणारा नव्हता. रोपं लावून कुणी मोठं झालेलं मी पाहिलेलं नाही. त्याला पुढच्या महिन्यापासून यायला सांगा. काम हलकं आहे, डोकं लागत नाही.

आपला,
तांत्रिक संचालक


९ एप्रिल

भाऊजी,

नमस्कार गृहीत धरा.

दोन्ही पाकिटं सोबत आहेत. "छपराचा तडकलेला" आणि "माळ्यावरचा कोरा". दोन्हींत पूर्ण वाक्य लिहिलं आहे, कर्ता कर्म क्रियापदासकट.

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवणार नव्हते. पण ते मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच वाचलं. "डोकं लागत नाही" इथवर आले आणि म्हणाले, "बरोबरच आहे त्याचं. आता डोकं चालतच नाही माझं." मी म्हटलं, "तुमचं नाही, त्याचं चालत नाही." तर म्हणतात कसे, "तो शिकलेला आहे." भाऊजी, या एका वाक्यावर तुम्ही आजवर जगलात. या घरात तुम्हाला कुणी कधी दुसरा प्रश्न विचारलाच नाही.

निम्मं छप्पर आता उतरवलं आहे. उरल्यासुरल्या सावलीत आम्ही ट्रे सरकवत फिरतो. सकाळी इकडे, दुपारी तिकडे. मांजर पिल्लांना घेऊन फिरतं तसं. काकडीची रोपं माना टाकायला लागली आहेत. ज्यांनी ती सांगून ठेवली होती त्यातल्या एक बाई काल येऊन बघून गेल्या आणि जाताना शेजारच्या रोपवाटिकेच्या दारात थांबल्या. हे सगळं तुमच्या दिव्यांच्या कपाटात दिसत नसेल.

काल ह्यांनी पेटीतून चांगला शर्ट काढून इस्त्री केला. कशाला, विचारलं. म्हणाले, "फाटकापाशी बसायचं तर नीटनेटकं बसावं." मला वाटतं तेवढं बोलून त्यांना बरं वाटलं असावं, कारण मग ते जेवले. मी नाही जेवले.

गच्चीवरच्या परीक्षेबद्दल तुम्ही हसलात. निकाल लागला आहे. पावाच्या पिशवीचा भुगा झाला, चिमटा काढला तर चिमट्यात फक्त कडा राहिली. तुमच्या कागदाचं म्हणाल तर

(पानाच्या मागे)

हे लिहायला जड जातंय, पण देव बघतो आहे. तुमचा कागद धड आहे. दोन्ही हातांनी ओढला, दातांनी ओढला, फाटला नाही. त्याच उन्हात, त्याच दोरीवर, पिशवीच्या शेजारी. म्हणजे औषध घातलेलं होतं असं मानावं लागतं. तुम्ही उरलासुरला माल दिलात असं मी म्हणाले होते, ते शब्द मागे घेते. गोड तोंडाने घेत नाही, पण घेते.

पण मग एकाच रोलचा तुकडा गच्चीवर धड आणि खाली छपरावर भुगा, हे कसं? गच्चीवर फक्त ऊन आहे. खाली ऊन आहे आणि तुमच्या गंधकाची वाफ आहे. दुसरा फरक मला सापडत नाही. गंधकाचा आणि कागदाचा काही संबंध असतो का? तुम्हीच सांगितलेलं, तेव्हा नसणार. तरी विचारते. उत्तर लवकर द्या, तोवर वाट्या चालूच ठेवते, कारण बंद केल्या आणि भुरी आली तर पुन्हा तुमचं ऐकून घ्यावं लागेल.

वहिनी


२७ एप्रिल

सौ. वहिनींस,

तुमचं पत्र याही वेळी "तुमच्या कागदाचं म्हणाल तर" इथे गतप्राण झालं. पण आता मला तुमच्या वाक्यांची गरज उरलेली नाही. प्रयोगशाळेचा निकाल आला आहे.

कोरा तुकडा: उत्तम. स्टॅबिलायझर जेवढं घातलं तेवढं जागेवर. छपराचा तुकडा: स्टॅबिलायझर मेलेलं. आणि कागदात भरपूर काय सापडलं असेल? गंधक!

गंधक, वहिनी! आमचं औषध आम्लाने मरतं. गंधकाच्या वाफेचं उन्हात आणि ओलाव्यात आम्ल होतं आणि ते कागदात मुरून रखवालदारालाच ठार करतं. मग उन्हाला रान मोकळं. ही गोष्ट आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. रोलसोबतच्या सूचनापत्रकात छापलेली आहे. अक्षर बारीक आहे, पण छापलेली आहे. आणि तुम्ही मला धारेवर धरणाऱ्या एवढ्या पत्रांत गंधक वापरता हे एका अक्षराने कळवलं नाहीत! मी स्पष्ट विचारलं होतं, वाफ करता का म्हणून. एका ओळीच्या उत्तराने काम झालं असतं.

आता मला एकच जाणून घ्यायचं आहे. हा सल्ला तुम्हाला दिला कोणी? दादाच्या डोक्यातून हे निघणं शक्य नाही, एवढं रसायन त्याला येत नाही. कुणीतरी अर्धवट शिकलेला, स्वतःच्या धंद्यातलं सोडून दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसणारा गाढव तुमच्या रोपवाटिकेत येऊन गेला आहे. मला हा प्राणी चांगला माहीत आहे. दोन शब्द कुठेतरी वाचतो, चारचौघांत फेकतो आणि निघून जातो. मागे काय जळलं ते बघायलाही परत येत नाही. त्याचं नाव मला लेखी कळवा. न्यायाने तुमचं छप्पर त्यानेच स्वखर्चाने घालून द्यायला हवं. आणि पुन्हा जन्मात कुणाच्या झाडांबद्दल तोंड उघडणार नाही असं त्याच्याकडून लिहून घ्यायला हवं. तो कबूल झाला नाही तर मी त्याच्या दारात उभा राहून कबूल करवीन. हा माझा शब्द.

दादाला पहिल्या तारखेपासून पाठवा. खुर्चीला गादी करायला सांगितली आहे.

आपला,
तांत्रिक संचालक


४ मे

भाऊजींना नमस्कार.

तुम्ही विचारलेलं नाव या पानाच्या मागच्या बाजूला आहे. पान हाताने उलटावं लागेल.

(पानाच्या मागे)

उलटलंत. छान. आता बसून वाचा.

तुमचं पत्र आलं तेव्हा हे ट्रेला पाणी घालत होते. मी मोठ्याने वाचायला घेतलं. "गंधक, वहिनी!" इथे त्यांनी झारी खाली ठेवली. "गाढव" आलं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. "त्याच्या दारात उभा राहून" इथवर आले आणि हे हसायला लागले, असे की ट्रेच्या कडेवर हात टेकून उभं राहावं लागलं. कित्येक आठवड्यांत हा माणूस हसला नव्हता. त्याबद्दल तुमचे आभार. हे आभार खरे आहेत.

मला मात्र हसू आलं नाही. एका अक्षराने कळवलं नाही म्हणता? मी प्रत्येक पत्रात लिहिलं आहे. काल उत्तर लिहायला बसले ते याच रागात. कागदाची एक बाजू भरली, हाताने आपोआप पान उलटलं, आणि मी तिथेच थांबले. "तुम्ही आला होतात तेव्हा." "मला वाटतं की." "तुमच्या कागदाचं म्हणाल तर." ही वाक्यं मी तोडली नव्हती. तिथे माझं पान संपलं होतं. कागदाला दोन बाजू असतात, भाऊजी. देवाने झाडाचा कागद एका बाजूने लिहायला दिलेला नाही. मी कालचा कागद बाजूला ठेवला आणि हा नवा घेतला. समोर एकच ओळ लिहिली. या एका पत्रापुरती उधळपट्टी केली.

तेव्हा जुनी पत्रं मागवा आणि उलटून वाचा. पहिल्याच पत्राच्या मागे सगळं आहे. कोण म्हणालं, कुणासमोर म्हणालं, कसं म्हणालं. "जाळायचं नाही, नुसतं वितळवायचं." तुम्हाला ते आठवतही नसेल. तुम्ही दारातून आत आलात, भुरी पाहिलीत, भावाला गिऱ्हाइकांदेखत बोललात, घड्याळ पाहिलंत आणि गेलात. तुमच्या दृष्टीने ते सहज टाकलेलं वाक्य होतं. हे मात्र त्या वाक्याला रोज संध्याकाळी दिवा लावावा तशी शेगडी लावत होते. कारण भाऊ शिकलेला आहे.

तुमचा कागद चांगला होता. हे मी मागच्या पत्रात कबूल केलं आहे, तेही मागच्याच बाजूला. माझ्या जिभेचा दोष माझा, गंधकाचा तुमचा.

आता त्या गाढवाचं काय करायचं ते तुम्हीच लेखी दिलेलं आहे, मी वेगळं काही मागत नाही. छप्पर त्याने घालून द्यावं. झाडांबद्दल तोंड उघडणार नाही असं लिहून द्यावं. आणि कबूल झाला नाही तर तुम्ही त्याच्या दारात उभे राहणार आहात. पत्ता तुम्हाला ठाऊक आहे.

पहिली तारीख गेली. हे आले नाहीत, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

तुमची वहिनी


१९ मे

वहिनी,

रोल उद्या निघेल. यात वेगळ्या जातीचं स्टॅबिलायझर घातलं आहे, ते आम्लाला सहसा दाद देत नाही. तरी वाट्या काढून टाका. भुरीचं दादाला जे योग्य वाटेल ते करू दे. मी त्यात पडत नाही. पुढेही पडणार नाही. हे लिहून दिलं असं समजावं.

झालं ते असं की टपालाचा कारकून पत्राच्या समोरच्या बाजूची प्रत काढून माझ्या टेबलावर ठेवतो आणि मूळ पत्र फाइलला लावतो. आमच्याकडे पाठपोट कुणी लिहीत नाही. त्याला मी चांगलंच फैलावर घेतलं आहे.

खुर्चीचा विषय दादाने मनावर घेऊ नये.

आपला,
भाऊजी


(त्याच पत्राच्या मागे)

२ जून

भाऊजींना नमस्कार.

तुमचं पत्र आल्याबरोबर उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. ह्यांना वाटलं, घाईत पुसट लिहिलं असेल, म्हणून उजेडासमोर धरून पाहिलं. नव्हतं काही. त्यांनी कागद घडी करून माझ्याकडे दिला आणि बाहेर गेले. कागद जाड आणि चांगला आहे, वाया का घालवायचा? तेव्हा उत्तर इथेच लिहून तुमचं पत्र तुम्हाला परत पाठवते आहे. फाइलला लावण्यापूर्वी कारकुनाला उलटायला सांगा.

त्याला फैलावर घेतलंत हे वाचलं. गंधक त्याने सांगितलं नव्हतं.

रोल मिळाला. छप्पर चढलं. वर चढून ताणायला हे, खाली धरायला मी. काकडी वाचली नाही. गुलाब वाचले. परवा त्या बाई पुन्हा आल्या, शेजारच्या रोपवाटिकेसमोरून न थांबता आल्या. वाट्या काढल्यावर भुरी पुन्हा आली, तेव्हा ह्यांनी भुरीची पानं एकेक करून खुडली, ट्रे लांब लांब मांडले, खिडक्या उघड्या ठेवल्या. एवढंच केलं. तुम्ही यायच्या आधी ते हेच करत होते.

इस्त्रीचा शर्ट पेटीत परत गेला. खुर्चीला गादी झालीच असेल तर कारकुनाला द्या. त्याला तुमच्यासमोर बरंच उभं राहावं लागत असणार.

गच्चीवरचा तुमचा तुकडा अजून दोरीवर आहे. चांगला आहे, पण त्याला काही काम नाही, म्हणून मी त्यात माझी पोथी गुंडाळणार आहे. प्रार्थनेत तुमचं नाव पुन्हा होतं त्या जागी घेतलं आहे. देवाशी माझा हिशोब वेगळा, तुमच्याशी वेगळा.

सवडीने या. धाकटीला आणा. हवे तेवढे गुलाब न्या. ह्यांच्याशी बोला, बसा, जेवा. रोपवाटिकेत हिंडताना झाडांविषयी काही सुचलं, तर लेखी द्या.

पाठपोट लिहिलंत तरी चालेल. आमच्याकडे उलटून वाचतात.

तुमची वहिनी